भ्या जरा, मॅडम!

सबनीस सर एका हाताने नमस्कार करतात. उजवा हात छातीपाशी येऊन अर्धा जोडल्यासारखा उभा राहतो आणि डावा पँटच्या खिशात असतो. कॉलेजातल्या माझ्या पहिल्या दिवशी मी दोन्ही हात जोडले, समोरून हा अर्धाच नमस्कार आला, आणि मला वाटलं माणूस उर्मट दिसतोय. दुसऱ्या दिवशी वाटलं, डाव्या हाताला काही इजा असेल. तिसऱ्या दिवशी कुणाचा तरी निरोप समारंभ होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा सबनीस सरांनी उजव्या हाताने स्वतःची मांडी थोपटली. मग मात्र मी शेजारच्या बाईंना विचारलंच.

"करंट," त्या म्हणाल्या आणि कचोरी खायला लागल्या.

उलगडा दुपारी कॅन्टीनमध्ये खुद्द सरांनीच केला. "करंट एका हातातून अंदर येतो, दुसऱ्या हातातून बाहेर पडतो. मध्ये काय आहे?"

"छाती," मी म्हटलं.

"छातीत काय आहे?"

मी नकळत छातीवर हात ठेवला.

"म्हणून एक हात खिशात. खिशातल्या हाताला रस्ता मिळत नाही."

"पण सर, आपण तर चहा पितोय."

सरांनी टेबलाकडे बघितलं, मग वर फिरणाऱ्या पंख्याकडे, मग पंख्यापासून भिंतीवरून खाली येणाऱ्या वायरकडे. "टेबल लोखंडी आहे," ते हळूच म्हणाले. "भ्या जरा, मॅडम."

हे "भ्या जरा" पुढे मी इतक्यांदा ऐकलं की माझ्या स्वप्नातही ते त्याच आवाजात यायचं. सर ते दम देऊन म्हणत नसत. "बसा जरा", "घ्या जरा" म्हणावं तसं आग्रहाने म्हणत. कुणी घाबरलं की त्यांना बरं वाटायचं.

मी मूळची साताऱ्याची. नवऱ्याची, म्हणजे सुहासची, बँकेत उज्जैनला बदली झाली, नानाखेड्याला घर मिळालं, आणि शहराबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मला शिकवण्याचं काम मिळालं. सबनीस सर इथलेच. त्यांचे पूर्वज कधीकाळी दरबारी दफ्तरात नोकरीला म्हणून आले आणि राहिले. त्यांचं मराठी दोनशे वर्षं क्षिप्रेचं पाणी प्यालेलं होतं. चहा त्यांच्याकडे "बनून राहिलेला" असायचा, पोरं "गडबड करून राहिलेली" असायची, आणि भरवसा त्यांचा कशावरच नसायचा.

त्यांची लॅब इमारतीच्या मागच्या टोकाला होती. दाराशी एक लाकडी फळी आणि फळीवर वीस-पंचवीस खुंट्या. आत जाण्याआधी अंगठ्या, कडी, घड्याळं, साखळ्या, सगळं तिथे टांगायचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सरांनी बांगड्या काढायला लावल्या. मंगळसूत्राशी आल्यावर त्यांची पंचाईत झाली. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि भिंतीलाच म्हणाले, "ते आपलं... काढू नका. कॉलरच्या आत घेऊन पिन लावा. पिन प्लॅस्टिकची. टेबलावर डबी आहे."

मग हजेरी. मशीन सुरू करण्याआधी सर प्रत्येकाचं नाव घेत. पोराने नुसतं हजर म्हणून चालायचं नाही, हात कुठे आहेत तेही सांगायचं. "हाजिर सर, हाथ पीछे।" "हाजिर सर, एक जेब में, एक पीछे।" नव्या वर्षाची पोरं पहिल्या दिवशी खिदळत. दुसऱ्या दिवशी खिदळणं कमी होई. आठवड्याभरात सगळी वर्गाबाहेरही हात मागे बांधून फिरायला लागत आणि बाकीच्या शाखांची मुलं त्यांना पुतळे म्हणत.

आता त्या मशीनबद्दल सांगते.

तुमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन खांबांवर एक राखी रंगाची, तेलाने भरलेली, सतत गुणगुणणारी टाकी असते. तो ट्रान्सफॉर्मर. वरच्या तारांतून आलेल्या विजेचा दाब कमी करून ती आपल्या घरात सोडायची, एवढंच तो जन्मभर करतो. आमच्या लॅबमध्ये जे बनत होतं तो त्याचा नवा अवतार, सॉलिड स्टेट ट्रान्सफॉर्मर. आकार कपड्यांच्या लहान कपाटाएवढा. आत तेल नाही. इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात, त्यामुळे एरवी जो गाभा दोघांनी उचलावा लागतो तो इथे तळहातावर मावतो. छपरावरच्या सोलरची वीज घेणं, ई-रिक्षाची बॅटरी भरणं, उरलेली वीज उलटी लाइनीत पाठवणं, हे सगळं तो एकटा करतो. कॉलेजला त्याचं छोटं मॉडेल बनवायला मदत मिळाली होती. सबनीस सर प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली.

पण एवढी कामं करायची तर वीज मध्येच कुठेतरी धरून ठेवावी लागते. त्यासाठी आत कपॅसिटर होते. पाण्याच्या छोट्या बाटल्यांएवढी बारा काळी नळकांडी, दोन ओळींत उभी. मेन बंद केला, प्लग काढून जमिनीवर टाकला, तरी त्या बारांच्या पोटात वीज राहते. ती उतरवायला एक रेझिस्टर जोडलेला असतो. तो पाच मिनिटांत ती संपवतो. म्हणजे तो धड असला तर.

सर या उरलेल्या विजेला "पाहुणे" म्हणत.

"मशीन बंद केलं, सर," मी म्हणायची.

"पाहुणे गेले का?"

"गेले असतील की."

"मॅडम, आपल्यात पाहुणे उठले म्हणजे गेले का? चपला घालतील, दारात उभे राहतील, मग त्यांना मावशीच्या ऑपरेशनचं आठवेल. अर्धा तास. पाहुणा गल्लीच्या मोडावरून वळताना दिसला, तरच गेला समजा."

मी हसायची. सर हसायचे नाहीत. ते भिंतीशी उभे राहून पाच मिनिटं मोजत. मग पुन्हा पाच.

पहिले दोन महिने मला हे सगळं गमतीचं वाटलं. घरी येऊन मी सुहासला सरांच्या नकला करून दाखवायची. पण भीती सर्दीसारखी असते की काय कोण जाणे, जवळ बसणाऱ्याला लागतेच. एक दिवस मिक्सरचा प्लग काढल्यावरही मी भांड्याला हात लावेना. फ्रिजचं दार मी बोटांच्या मागच्या बाजूने चाचपून उघडायला लागले. सुहास म्हणाला, "सबनीस चढलेत तुझ्या अंगात." मी चिडले, पण दुसऱ्या दिवशी रबरी तळाच्या चपला घेऊन आले.

त्या मशीनची मला खरोखरच भीती वाटायला लागली होती. त्याचं कारण म्हणजे त्याचा आवाज. म्हणजे, आवाज नव्हताच. पंखा घरघरायचा तेवढाच. जुन्या ट्रान्सफॉर्मरजवळ गेलं की कानाला कळतं, आत काहीतरी जिवंत आहे. हे कपाट पंखा थांबला की नुसतं कपाट व्हायचं. आत सातशे व्होल्ट आहेत की शून्य, बाहेरून काडीमात्र कळायचं नाही. समोरच्या पडद्यावर आकडा दिसायचा खरा, पण सरांचा त्या आकड्यावरही विश्वास नव्हता. "तो पडदा याच मशीनच्या विजेवर चालतो," ते म्हणत. "घरमालकाबद्दल नोकराला विचारून काय कळणार?"

आणि एक कुत्रा होता. वर्षानुवर्षं लॅबच्या व्हरांड्यात झोपणारा, पिवळा, म्हातारा. आम्ही मशीन चालवायला लागल्यावर तो उठून कॅन्टीनमागे राहायला गेला. मशीनचा आवाज आपल्या कानांपलीकडचा असतो, कुत्र्याला कदाचित ऐकू येत असेल. एवढंच ते. पण सरांनी वहीत त्याची नोंद केली. मी ती वाचली, आणि त्या दिवसानंतर व्हरांड्याच्या रिकाम्या कोपऱ्याजवळून जाताना माझी पावलं आपोआप भरभर पडायची.

वैशाखात मशीन तयार झालं. प्राचार्यांनी प्रात्यक्षिक ठरवलं. वीज खात्याचे एक मोठे साहेब येणार, संस्थेचे अध्यक्ष येणार, फोटो निघणार. तालमीला अध्यक्ष आधीच एकदा येऊन गेले आणि तिथेच घोटाळा झाला. सरांनी त्यांना दाराशी अडवलं, त्यांच्या चार अंगठ्या, साखळी आणि कडं खुंटीवर टांगायला लावलं, आणि मग हजेरीत त्यांचंही नाव घेतलं. सत्तरीच्या त्या गृहस्थांनी दोनदा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिसऱ्यांदा नाव आलं तेव्हा ते लाल होऊन म्हणाले, "हाजिर। हाथ पीछे।" मागच्या रांगेतलं एक पोरगं फिसकन हसलं.

संध्याकाळी प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. "सबनिस साहब, आपने बहुत मेहनत की है," ते गोड आवाजात म्हणाले. "उस दिन आप मेहमानों के साथ बैठिए। मशीन मैडम चलाएँगी।"

सर माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणायला हवं होतं की सरांशिवाय मी चालवणार नाही. मी म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. फोटोत मी असणार होते. शिवाय सरांच्या भित्रेपणाची मला चारचौघांत लाज वाटायला लागली होती. स्टाफरूममध्ये त्यांना "डरपोक साहब" म्हणत आणि मला "छोटी डरपोक".

प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी दुपारी सर माझ्या टेबलापाशी आले. मशीनच्या झाकणाला कुलूप होतं. त्याची किल्ली ते जानव्याला बांधून ठेवत. ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि सोबत हाताने लिहिलेले अकरा कागद. पहिल्या कागदावर एकच शब्द होता: "भ्या."

"मॅडम, ही किल्ली दिली. पण उघडू नका."

"नाही उघडणार, सर."

"उघडावंच लागलं तर पाच मिनिटं थांबाल न?"

"हो, सर."

"घड्याळ बघून?"

"हो."

"घड्याळ तर खुंटीवर असेल तुमचं."

"भिंतीवरचं बघेन."

"ते दोन मिनिटं पुढे आहे."

"पुढे असलं तरी पाच मिनिटं पाचच असतात, सर."

त्यांनी विचार केला. "ते बरोबर आहे," ते म्हणाले. "तरी पण." आणि गेले. ते अकरा कागद मी वाचले नाहीत. सगळं पाठ आहे असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला लॅब भरली. आदल्या घोटाळ्यामुळे खुंट्यांची फळी प्राचार्यांनी काढून ठेवायला लावली होती. तिच्या जागी झेंडूची माळ होती. साहेब, अध्यक्ष, प्राचार्य पुढच्या खुर्च्यांवर, पोरं भिंतीलगत, आणि सबनीस सर सगळ्यात मागे. मी हजेरी घेतली नाही. मशीन सुरू केलं. भिंतीवरचे दिवे लागले. दाराबाहेर उभ्या ई-रिक्षाची बॅटरी भरू लागली. छपरावरच्या सोलरची वीज आत येताना पडद्यावर दिसू लागली. साहेबांनी मान डोलावली, फोटो निघाले. दहा मिनिटं सगळं इतकं छान चाललं की माझा मलाच अभिमान वाटला.

आणि टक् असा बारीक आवाज झाला. दिवे गेले. पडदा काळा झाला. पंखा फिरत फिरत थांबला.

त्या शांततेत सगळे माझ्याकडे बघत होते.

"क्या हुआ?" प्राचार्य म्हणाले.

मी मेन बंद केला, प्लग ओढून जमिनीवर टाकला. "सर, बघते. पाच मिनिटं..."

"मैडम, साहब को निकलना है। खोलिए, देखिए।"

माझे कान गरम झाले होते. मी किल्ली लावली, झाकण उघडलं. आत बघताक्षणी दोष दिसला. कंट्रोलची एक चपटी केबल तिच्या जागेवरून निसटून लोंबत होती. पुन्हा दाबून बसवायची, एवढंच काम. ती लोंबत होती ती त्या बारा काळ्या नळकांड्यांच्या अगदी वर, त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या दोन उघड्या पट्ट्यांपाशी. मला सगळं माहीत होतं हो. पोरांना मीच शिकवायची. पण प्लग जमिनीवर पडलेला मला दिसत होता, पडदा काळा दिसत होता, आणि मागे एक मोठा माणूस घड्याळ बघत होता. मी हात आत घातला.

"ए पोरी! हात काढ!"

मागे खुर्ची आपटली. हा आवाज सबनीस सरांचा आहे हे मला आधी कळलंच नाही. दीड वर्षांत त्यांनी मला कधी "तुम्ही"शिवाय हाक मारली नव्हती, आवाज चढवला नव्हता. माझा हात होता तिथे थांबला. बोटं आणि तांब्याच्या पट्टीत चार बोटांचं अंतर होतं. तेवढ्यात ते येऊन पोचले, माझे दोन्ही खांदे धरून त्यांनी मला असं मागे खेचलं की मी अध्यक्षांच्या पायांशी जाऊन बसले.

"सबनिस साहब, ये क्या तरीका है?" प्राचार्य उठले.

"दीवार से लगिए," सर म्हणाले. आवाज पुन्हा नेहमीसारखा हळू झाला होता. "सब लोग।"

काय होतं त्या आवाजात कोण जाणे. वीज खात्याचे साहेबसुद्धा उठून भिंतीला टेकले.

सरांकडे एक काठी होती, त्यांनी स्वतः बनवलेली. बांबूला जाड रबराचं वेष्टण, टोकाला दोन पितळी आकडे, आणि आकड्यांच्या वायरी एका फळीवर एकापुढे एक जोडलेल्या चार बल्बांना गेलेल्या. आम्ही तिला सरांच्या माघारी दिव्यांची काठी म्हणायचो. कोपऱ्यातून ती काठी त्यांनी घेतली, डावा हात खिशात घातला, आणि आकडे हळूच दोन पट्ट्यांना टेकवले.

चारही बल्ब लख्ख पेटले.

प्लग जमिनीवर होता. मेन खाली होता. पडदा काळा होता. आणि ते चार दिवे पेटलेले होते. मी मनात आकडे मोजत होते, एक, दोन, तीन... दिवे पिवळे झाले, मग लाल, आणि सातला तारा नुसत्या तांबूस उरल्या. मग विझले. मी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. मग तो पाठीमागे नेऊन डाव्या हाताने धरून ठेवला.

सरांनी वाकून काठीच्या टोकाने रेझिस्टरची एक तार ढोसली. ती हलली. पाहुण्यांना वाटेला लावणारा तो रेझिस्टर एका बाजूने सुटला होता. पाच मिनिटं काय, अर्धा तास थांबले असते तरी फारसा फरक पडला नसता. तो सांधा मी जोडला होता. सरांनी सांगितलं होतं की सांधा वरून-खालून दोन्हीकडून सोल्डर करा, आणि मी घाईत वरूनच केला होता. सरांनी तो बघितला, मग माझ्याकडे बघितलं. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "गर्मी से खुल गया होगा। वैशाख है।"

मंडळी गेली. प्राचार्यांनी जाताना झेंडूची माळ स्वतःच्या हाताने काढली आणि खुंट्यांची फळी परत लावायला सांगितलं. लॅबमध्ये आम्ही दोघं उरलो. सर स्टुलावर बसले होते. मी पाणी दिलं तर ग्लास दातांवर वाजला.

"सर, मी घरी सोडते तुम्हाला," मी म्हटलं.

माझ्या स्कूटीच्या मागे बसून ते फ्रीगंजातल्या त्यांच्या घरापर्यंत आले. रस्त्यावरून तारा गेलेल्या दिसल्या की त्यांची मान खाली जायची, हे मला आरशात दिसत होतं. वाटेत मी विचारलं, "सर, तुमच्या लॅबमध्ये पूर्वी कधी काही झालं होतं का? कुणाला..."

"नाही हो. कधीच नाही. इतक्या वर्षांत एकाही पोराला चटका लागला नाही."

"मग एवढी भीती?"

"घाबरून राहिलो म्हणून काही झालं नाही, असं मला वाटतं," ते म्हणाले. "पण हे सिद्ध कसं करणार? त्यासाठी एकदा न घाबरून बघावं लागेल."

सर एका दुमजली घराच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होते. मी जिन्यावरूनच परतणार होते, पण ते म्हणाले, चाय घेऊन जा. म्हणून आत गेले.

आत गेल्यावर डोळे हळूहळू अंधाराला सरावले.

दाराशेजारचा स्विचबोर्ड भिंतीतून निघून स्वतःच्या वायरींवर लोंबत होता. त्याचं झाकण कुठेच नव्हतं, आतलं सगळं पितळ उघडं. कूलरच्या पत्र्याखाली पाणी साचलं होतं आणि त्या पाण्यातून चिकटपट्टी सुटलेली वायर गेली होती. न्हाणीच्या दारातून दिसत होतं, लोखंडी बादलीत पाणी तापवायची सळई तशीच लटकवलेली. खोलीत पाऊल कुठे ठेवावं मला कळेना. मी उंबऱ्याशी उभी राहिले.

सरांनी ओट्यावर पातेलं विसळलं, विजेच्या शेगडीवर ठेवलं. शेगडीला प्लग नव्हता, नुसती दोन उघडी टोकं. ओल्या हातांनी त्यांनी ती टोकं भोकांत खुपसली आणि काडेपेटीतल्या दोन काड्या वर दाबून बसवल्या. चट् असा आवाज होऊन निळी ठिणगी उडाली.

"सर!" मी किंचाळले.

ते दचकले. "काय झालं?"

"ते बघा ना काय करताय! हात ओले आहेत तुमचे!"

त्यांनी हातांकडे बघितलं. "हे? हे असंच चालून राहिलं आहे चार-पाच वर्षं. शेगडीचा प्लग जळला, मग दुसरा आणायचं राहून गेलं."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"कुठे, घरी?" त्यांनी खरोखर विचार केला. मग खोलीभर नजर फिरवून म्हणाले, "इथं कोण आहे, मॅडम?"

अगदी सहज म्हणाले.

पातेल्यात पाणी टाकता टाकता ते बोलत राहिले. "आई होती न, तेव्हा दर महिन्याला टेस्टर घेऊन फिरत होतो. तिचा पंखा, तिचा गीझर, तिची उशापाशीची बत्ती. अर्थिंग मी स्वतः खड्डा खोदून केलं होतं. ती वैतागून जायची. म्हणायची, श्रीधर, तू मला करंटपासून वाचवशील, पण तुझ्या टेस्टरपासून कोण वाचवेल? ती गेली. मग कुणासाठी करणार? साखर किती घेता?"

"मी हा चहा घेणार नाही, सर," मी म्हटलं. माझा आवाज रडवेला झाला होता आणि त्याचा मला रागही येत होता. "मेन कुठे आहे?"

"जिन्याखाली. का?"

मी खाली जाऊन वरच्या खोल्यांचा मेन बंद केला आणि पुन्हा वर येऊन सांगितलं की रविवारपर्यंत हा बंदच राहील, आणि तुम्ही आमच्याकडे जेवायला येणार आहात. सर हातात साखरेचा डबा घेऊन उभे राहिले. चार दिवस ते नानाखेड्याला येऊन जेवले आणि प्रत्येक दिवशी आमच्या फ्रिजमागे वाकून काहीतरी बघत राहिले.

रविवारी सकाळी मी आणि सुहास नवीन बोर्ड, वायर, प्लग, टेस्टर घेऊन गेलो. मी कामाला हात घातला आणि सरांचं सुरू झालं.

"मॅडम, मेन बंद आहे. तरी टेस्टर लावा."

"लावला, सर."

"पुन्हा लावा. त्याआधी टेस्टर चालू आहे का ते बघितलं न? तो बिघडलेला असला तर?"

सुहास म्हणाला, "काका, तुम्ही बसा ना निवांत." सर बसले नाहीत. जिन्याखाली मेनवर त्यांनी मराठीत आणि हिंदीत कागद चिकटवला होता, काम चालू आहे, हात लावू नये, आणि तरी स्वतः त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. खालच्या मजल्यावरच्या मालकीणबाई शेजारच्या बटणावर पाण्याचा पंप लावायला आल्या, त्यांना त्यांनी परत पाठवलं. दर दोन मिनिटांनी त्यांचा आवाज जिन्यातून वर यायचा. "मॅडम, ठीक आहात न?" मी "हो" म्हणायला जरा उशीर केला की धापा टाकत वर यायचे, बघायचे, पुन्हा खाली जायचे. कपाळावर घाम, ओठ पांढरे. मेन लावायच्या वेळी त्यांनी आम्हा दोघांना गल्लीत नेऊन उभं केलं आणि मग एकटे आत गेले. सगळं नीट झालं. वर दिवा लागला, कूलर फिरायला लागला. सर खोलीच्या मधोमध उभे राहून त्या नव्या पांढऱ्या बोर्डाकडे बघत होते.

आम्ही निघालो तेव्हा ते जिन्यापर्यंत आले. मग खालच्या पायरीपर्यंत. मग फाटकापर्यंत.

"मॅडम," ते म्हणाले, "गॅलरीतला बोर्ड राहिला. तोही जरा डेंजर आहे. पुढच्या रविवारी टाइम असेल तर... या साहेबांनाही आणा."

सुहास माझ्याकडे बघायला लागला. गॅलरीतला बोर्ड आम्ही दोघांनी तासाभरापूर्वीच उघडून बघितला होता. तो ठणठणीत होता.

"हो सर," मी म्हटलं. "तो बघायलाच हवा."

"मग दहाला या," सर म्हणाले. "पोहे करतो."